रोट एक म्हणजे रक्त एक का?

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे खानदेशात कानबाई ही देवी घरोघर बसते. रोटासाठी, म्हणजे तिच्या नैवेद्यासाठी, गहू काढताना घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने मूठ घ्यायची, पाळण्यातल्या पोराचीसुद्धा. तो रोट भाऊबंदांनीच खाऊन संपवायचा, बाहेरच्याला द्यायचा नाही. दोन घरं एका कुळाची आहेत, हे आमच्याकडे वंशावळ काढून सांगत नाहीत. 'त्यांचा-आपला रोट एक' म्हटलं की विषय संपला.

आमचं गाव अमळनेर तालुक्यात. तापीपलीकडे, शिरपूर तालुक्यातल्या एका गावात आमच्याच आडनावाची चार घरं आहेत. आडनाव पाटील, म्हणजे ते काही पुराव्यात धरायचं नाही. शहाद्याच्या एसटीत कुणी 'ओ पाटील' म्हणून हाक मारली तर अर्धी गाडी वळून बघेल. पण थोरले काका सांगायचे की त्या चार घरांचा आणि आपला रोट एक. का, कधीपासून, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. मी आधी दोन वर्षं कागद धुंडाळले, मग डीएनए तपासणी केली. या दोन वाटांनी काय कळतं, काय कळत नाही आणि कुठे फसायला होतं, ते सांगतो.

सुरुवात घरातल्या प्लॅस्टिकच्या फायलीपासून. जात पडताळणीमुळे आपल्याकडे बहुतेक घरांत ती तयारच असते. इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० आणि जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५० या तारखांच्या आधीचा पुरावा लागतो. त्यामुळे आजोबांच्या शाळेचा दाखला कुणीतरी कधीतरी काढलेला असतोच. फक्त त्यावरच्या जन्मतारखेवर फार विसंबू नका. मास्तरांनी पोराची उंची बघून वर्ष ठरवायचं आणि तारीख १ जून टाकायची, ही रीत सगळ्यांना माहीत आहे. आमच्या घरातले तिघे भाऊ १ जूनचे आहेत.

दाखल्याच्या मागे शाळेचं जनरल रजिस्टर असतं, आणि दाखल्यापेक्षा ते जास्त बोलतं. त्यात जन्मस्थळ असतं, पालकाचा धंदा असतो, शाळा का सोडली तेही असतं. जन्मस्थळाचा रकाना लक्षात ठेवा, शेवटी त्याचंच काम पडणार आहे.

यापुढे तहसील कार्यालयाची अभिलेख खोली. सातबारा सगळ्यांना ठाऊक असतो, पण वंशावळीसाठी खरा कामाचा कागद म्हणजे फेरफार, जमिनीच्या हक्कात झालेल्या बदलाची नोंद. सातबाऱ्यावर नावाशेजारी वर्तुळात आकडे असतात. जुन्या हस्तलिखित उताऱ्यावर तर अशा वर्तुळांची माळच असते. प्रत्येक आकडा म्हणजे एक फेरफार, आणि प्रत्येक फेरफारामागे घरातली काहीतरी घटना: कुणी मेलं, वाटणी झाली, जमीन गहाण पडली. वारसाच्या फेरफारात 'अमुक वल्द तमुक मयत, वारस मुलगे अमुक, अमुक व विधवा अमुक' असं लिहिलेलं असतं. वल्द म्हणजे मुलगा. एका ओळीत तीन पिढ्या. नावाला कंस केलेला दिसला तर त्याचा हक्क संपला, आणि तो का संपला हे कंसाजवळच्या आकड्याच्या फेरफारात सापडतं. 'अ.पा.क.' म्हणजे अज्ञान पालनकर्ता. बाप गेला तेव्हा मुलगा लहान होता आणि आई किंवा काका त्याच्या वतीने उभे होते. 'ए.कु.मॅ.' म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, म्हणजे नाव एकाचं असलं तरी मागे भाऊ आहेत. या दोन खुणा न कळल्यामुळे मी सहा महिने एका चुलत पणजोबाला सख्खा पणजोबा समजून फिरत होतो.

आणखी एक खड्डा एकत्रीकरणाचा. १९४७च्या कायद्यानंतर तुकडे जोडून गट पाडले गेले आणि सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. आजच्या गटावरून मागे जायचं असेल तर मधला एकत्रीकरणाचा जबाब किंवा योजनापत्रक काढावं लागतं. नाहीतर आपण दुसऱ्याच्याच शेताचा इतिहास वाचत बसतो. जुने फेरफार आता सरकारच्या 'आपले अभिलेख' या संकेतस्थळावर गावनिहाय स्कॅन करून ठेवलेत. सगळ्या गावांचे नाहीत आणि काही पानं वाचता येत नाहीत, पण तहसीलच्या चार खेपा वाचतात.

कोणत्या जिल्ह्यात शोधायचं हेही खानदेशात सरळ नाही. १९०६ पर्यंत सगळा खानदेश एकच जिल्हा होता, मुख्यालय धुळे. मग पूर्व आणि पश्चिम खानदेश झाले, १९६०-६१च्या सुमारास त्यांची नावं जळगाव आणि धुळे झाली, आणि १ जुलै १९९८ला नंदुरबार वेगळा निघाला. म्हणजे आमचं दप्तर पूर्व खानदेशात, तापीपलीकडच्या घरांचं पश्चिमेत. दोन्हीकडच्या बाबूंनी मला प्रेमाने एकमेकांकडे पाठवलं.

हक्कनोंदणीचे कागद १९०३च्या कायद्यानंतरचे. त्याआधीचं काही हवं असेल तर मोडीशी गाठ पडते. खरेदीखतं, गहाणखतं, इनामाचे कागद, सावकाराच्या वह्या, सगळं मोडीत. लिपी शिकायला दोन-तीन महिने पुरतात, हात बसायला मात्र वर्ष जातं. त्यात ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, आणि लेखणी न उचलता लिहिल्यामुळे एका शब्दाचं शेपूट दुसऱ्यात शिरतं. अक्षरांपेक्षा जास्त दमवतात त्या तारखा. समजा कागदावर 'सन समान अशर मयातैन व अलफ' आहे. हे अरबी आकडे एककापासून मोजायचे: समान ८, अशर १०, मयातैन २००, अलफ १०००. बेरीज १२१८. हे शुहूर सन. त्यात ५९९ मिळवले की १८१७, आणि हे वर्ष मृगाच्या सुमाराला सुरू होत असल्याने पुढचं इंग्रजी वर्ष लागलं असेल तर ६०० मिळवायचे. म्हणजे १८१७-१८, पेशवाई बुडाली आणि खानदेश इंग्रजांकडे गेला ते साल. कागदावर फसली सन असेल तर ५९० मिळवायचे, शक असेल तर ७८. हे हिशेब फायलीच्या मागच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवा.

मोडी वाचणारा माणूस हवा असेल तर धुळ्यात जरा चौकशी करावी. इतिहासाचार्य राजवाडे १९२६च्या अखेरीस धुळ्यातच गेले, पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाने तिथे संशोधन मंडळ उभं राहिलं. जुने कागद आदराने हाताळणारी माणसं त्या गावात अजून भेटतात.

गाव नमुना १४ म्हणजे जन्म-मृत्यूची नोंदवही, लोक तिला कोतवाल बुक म्हणतात. ही वही वाचायला मन घट्ट लागतं. १९१८च्या आश्विन-कार्तिकाची पानं बघा. मानमोडीच्या, म्हणजे इन्फ्लुएन्झाच्या साथीत एकेका घरातली तीन-चार नावं लागोपाठ येतात, कारणाच्या रकान्यात नुसता 'ताप'. जन्माच्या बाजूला बाळाचं नाव बहुधा नसतंच. बापाचं नाव आणि पुढे 'मुलगा' किंवा 'मुलगी'. तो मुलगा कोणता, हे आपण ताडायचं. इथे खानदेशी नावं मदतीला येतात. दगडू, धोंडू, उखर्डू, झिपरू अशी नावं बहुतेकदा आधीची मुलं दगावल्यावर ठेवलेली, यमाची नजर लागू नये म्हणून. वंशावळीत दगडू दिसला की मृत्यूच्या बाजूची आधीची चार-पाच वर्षं चाळावी. आमच्या दगडूच्या आधी दोन ओळी निघाल्या. दोन्ही बिननावाच्या.

ज्यांच्या नावावर जमीनच नव्हती ते सातबाऱ्यात सापडत नाहीत, हे उघड आहे. त्यांच्यासाठी शाळेचं रजिस्टर, कोतवाल बुक, महार वतनाच्या नोंदी, भुसावळकडे असाल तर रेल्वेचं सर्व्हिस बुक, अशा वाटा आहेत. लेवा पाटीदार, गुजर, राजपूत घरांकडे भाटाच्या वह्या असतात. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडे बहुतेक सगळ्यांसाठी काहीतरी निघतं. गाव आणि आडनाव सांगितलं की ते लांबडी चोपडी काढतात आणि त्यात आपल्याच पूर्वजाने केलेली निशाणी दिसते. भाटाच्या वहीची वरची टोकं मात्र सूर्यवंशाला नाहीतर चितोडला जाऊन भिडतात. खालच्या सहा-सात पिढ्या घ्याव्यात, वरच्यांना नमस्कार करावा.

एवढं करून आमची बाजू मागे खापरपणजोबांपर्यंत गेली, तापीपलीकडची त्यांच्या खापरपणजोबांपर्यंत. मधला दुवा कुठेच नाही. मग थुंकी पाठवली.

डीएनए म्हणजे पेशीत गुंडाळून ठेवलेला सुमारे तीन अब्ज अक्षरांचा मजकूर. घरबसल्या होणाऱ्या तपासणीत तो सगळा वाचत नाहीत. माणसामाणसांत जिथे फरक पडतो अशी सहा-सात लाख ठिकाणं तेवढी बघतात. हा मजकूर गुणसूत्रांच्या २३ जोड्यांत असतो आणि प्रत्येक जोडीतलं एक आईकडून, एक बापाकडून येतं. पुढच्या पिढीला देताना आपण जोडीतल्या दोघांची तुकड्यातुकड्यांनी अदलाबदल करून एकच देतो. त्यामुळे ही सगळी गोष्ट शेताच्या वाटणीसारखी चालते. आपल्याला आईचा अर्धा आणि बापाचा अर्धा वाटा नेमका मिळतो. पण आजोबांचा पाव वाटा पावच असेल असं नाही, कुणाला थोडा जास्त, कुणाला कमी. तुकडे मोठे असतात, दाणा-दाणा मोजून वाटले जात नाहीत. सात पिढ्या मागे गेलात तर आपले १२८ पूर्वज होतात आणि त्यांतल्या काहींचा एक बांधही आपल्या वाट्याला आलेला नसतो. पूर्वज खरे, पण अंगात त्यांचं काही नाही.

म्हणून नात्याचा अंदाज दोन माणसांत किती मजकूर सामाईक आहे यावरून बांधतात. सख्खी भावंडं सुमारे ५० टक्के. काका, मामा, आजोबा, सावत्र भाऊ, सगळे २५च्या आसपास. चुलत, मामे, आते, मावस भावंडं साडेबारा टक्के. आपण चार शब्द वापरतो, थुंकीला चौघं सारखीच. ज्यांचे पणजोबा एक, ते ३ टक्क्यांच्या आसपास. खापरपणजोबा एक असले तर एक टक्क्याहूनही कमी, आणि अशा दहा जोड्यांतल्या साधारण एका जोडीत सामाईक असं काही सापडतच नाही. यावरून 'आमचं नातं नाही' असं ठरत नाही, तपासणीची नजर तिथवर पोचली नाही एवढंच.

आपल्याकडे उलटी अडचणही येते. जातीतल्या जातीत, ठरावीक पंचक्रोशीत शेकडो वर्षं लग्नं झालेली, वर मामाची मुलगी करून आणायची पद्धत. त्यामुळे दोन माणसं पाच-सहा बाजूंनी लांबून नात्यात असतात. प्रत्येक बाजूचा एकेक लहान तुकडा जमतो आणि यंत्र म्हणतं, हे तर पणजोबा एक असलेले भाऊ. प्रत्यक्षात नातं आणखी दोन पिढ्या मागचं असतं. अहवाल सांगेल त्यापेक्षा नातं लांबचं असेल असं आधीच धरून चालावं. लहान-लहान तुकड्यांच्या बेरजेपेक्षा एखादा सलग लांब तुकडा जास्त विश्वासाचा.

रोटाच्या प्रश्नाला मात्र वेगळंच हत्यार लागतं. वाय गुणसूत्र बापाकडून फक्त मुलाकडे जातं आणि जवळजवळ जसंच्या तसं जातं, अदलाबदल नाही. कानबाईचे गहू काढताना ज्यांच्या नावाने मूठ पडते, नेमकी तीच साखळी. वायवर काही जागी मजकुराचा एक छोटा तुकडा पुन्हा पुन्हा येतो, कुठे १३ वेळा, कुठे २४ वेळा. अशा जागांचे आकडे दोन पुरुषांत ताडून बघतात. बाराच जागा बघितल्या तर योगायोगाने कुणाचेही जुळतील, निदान ३७ तरी बघाव्यात. तापीपलीकडच्या घरातल्या एका आजोबांनी हौसेने नमुना दिला. आमचे ३७ पैकी ३६ आकडे जुळले. अधूनमधून एखादा आकडा एकाने सरकतो, तेवढाच फरक. म्हणजे आमचा-त्यांचा एक सामाईक बापजादा गेल्या आठ-दहा पिढ्यांत असण्याची शक्यता चांगलीच आहे. तो पाचव्या पिढीतला की नवव्या, त्याचं नाव काय, तापी कुणी ओलांडली, यातलं काहीही वाय सांगत नाही. ते काम कागदाचं आणि तिथे कागद संपले आहेत. पण काका खोटं सांगत नव्हते.

दुसरी गोष्ट त्यांची परवानगी घेऊनच लिहितो. आमच्याच गल्लीतलं एक घर, पिढ्यान्‌पिढ्या रोट एक. त्यांनीही नमुना दिला आणि वायचे आकडे कुठेच जुळेनात. निरोप कसा द्यायचा या विचारात मी आठवडा काढला. शेवटी दुय्यम निबंधक कार्यालयातून १९३०च्या दशकातलं दत्तकपत्र निघालं. पोटी मूल नाही म्हणून त्यांच्या पणजोबांनी आजोबांना आपल्या बायकोच्या भावाकडून दत्तक घेतलेलं. घरात कुणालाच माहीत नव्हतं. त्यांनी कागद दोनदा वाचला, चहा मागवला आणि मला विचारलं, 'मंग यंदा रोटना गहू दळाले टाकू का नको?' टाकले. यंदाही रोट एकच होता.

प्रत्येक वेळी असं दत्तकपत्र निघेलच असं नाही. म्हणून नळी हातात देण्याआधी ज्याला-त्याला स्पष्ट विचारा, नको ते कळलं तर चालेल का. शिवाय आपण नमुना देतो तेव्हा न विचारता भावंडांचा, मुलांचाही थोडा-थोडा देतो. अमेरिकेत २०१८ साली एक जुना खुनी त्याच्या लांबच्या नातेवाइकांच्या अशाच माहितीवरून पकडला गेला. चांगलंच झालं, पण त्या नातेवाइकांना कुणी विचारलं नव्हतं. या धंद्यातल्या मोठ्या कंपनीने, ट्वेन्टीथ्री-अँड-मीने, मार्च २०२५मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा लाखो लोकांना पहिला प्रश्न पडला की आपली थुंकी आता कुणाच्या मालकीची.

अहवालाच्या पहिल्या पानावर रंगीत नकाशा आणि टक्केवारी असते, तिच्यात माझा जीव रमला नाही. कंपनीकडे ज्या लोकांचे नमुने जमलेत त्यांच्याशी आपली तुलना करून ते आकडे काढलेले असतात. आपल्याकडचे नमुने कमी, म्हणून आपल्याला फार ढोबळ उत्तर मिळतं आणि नमुने वाढले की तेही बदलतं. वायच्या शाखेवरून स्वतःला आर्य, शक, हूण ठरवणारेही भेटतात. ती शाखा हजारो पूर्वजांतल्या एकाच पुरुषाच्या रांगेची असते. हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेतल्या आणि अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी मिळून दाखवलंय की आजच्या बहुतेक भारतीय समाजांत दोन जुन्या लोकसमूहांचं मिश्रण आहे आणि ते साधारण ४२०० ते १९०० वर्षांपूर्वी घडलं. त्यानंतर आपण दारं लावून घेतली. आणि हो, घरगुती डीएनए अहवालावर जातीचा दाखला मिळत नाही. समिती कागदच मागते.

राहता राहिली बायकांची बाजू. रोटात त्यांची मूठ नाही, सातबाऱ्यावर त्या नवऱ्याच्या नावाने, 'अमुकबाई भ्रतार तमुक', आणि तेही बहुधा विधवा झाल्यावर. लग्नात नाव बदललं असेल तर माहेरचं नाव कुठल्याच कागदावर नाही. थुंकीत मात्र आईकडची रांग शाबूत असते. पेशीतल्या मायटोकाँड्रियाचा १६,५६९ अक्षरांचा छोटा मजकूर आईकडून सगळ्या मुलांना मिळतो आणि पुढे फक्त मुली तो देतात. तो फार हळू बदलतो, म्हणून शे-दोनशे वर्षांच्या शोधात त्याचा उपयोग थोडाच. माझी शाखा एम निघाली, भारतातली सगळ्यात मोठी. म्हणजे आईच्या आजीबद्दल मला शून्य कळलं.

तिचं माहेर शेवटी दुसऱ्याच मार्गाने सापडलं. आईच्या आजोळच्या कोतवाल बुकात आजीच्या सगळ्या भावंडांचे जन्म मिळाले, थोरल्या भावाचा तेवढा मिळेना. मावशीला सांगितलं तर ती हसली. 'पहिलं बाळंतपण सासरी करतात का रे?' त्या थोरल्याच्या शाळेचं रजिस्टर काढलं. जन्मस्थळाच्या रकान्यात चोपडा तालुक्यातलं एक गाव. त्या गावच्या नमुना १४ मध्ये, वाळवीने कडा खाल्लेल्या पानावर, ती ओळ आहे. बाळाचं नाव नाही, आईचं नाव नाही. रकान्यात 'मुलगा', बापाचं नाव, आणि त्यापुढे कोतवालाने आपण होऊन लिहिलेले दोन शब्द: 'हल्ली सासरवाडीस'.